धक्का आणि टोचन

परोपकार हें पुण्य आहे, ह्याविषयीं आपल्या समाजांत मतभेद असल्याचें ऐकिवांत नाहीं. मतभेद सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. कोणता उपकार घेणाऱ्यास उभा करतो आणि कोणता त्याला कायमचा खालीं बसवितो, हा प्रश्न निघाला म्हणजे हें एकमत मोडतें. एक पक्ष म्हणतो, गरजवंत दिसतांच द्यावें, फार विचार करीत बसूं नये. दुसरा म्हणतो, आयत्या मदतीनें मनुष्य पंगु होतो, म्हणून त्याचें त्यालाच सावरूं द्यावें. दोन्ही पक्षांत शहाणीं माणसें आहेत, आणि दोघांजवळही अनुभवाचीं उदाहरणें आहेत. अशा वेळीं मोठे सिद्धांत क्षणभर बाजूस ठेवून रोजच्या व्यवहारांतील एखादें लहानसें उदाहरण घ्यावें आणि त्यांत हा प्रश्न कसा दिसतो तें पाहावें, हें बरें. बॅटरी उतरल्यामुळें चालू न होणारी मोटार, हें तसें एक उदाहरण आहे.

लातूरसारख्या गांवीं हें उदाहरण हिवाळ्यांत अधिक पाहावयास मिळतें. गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकीं कोणत्याही रस्त्यावर पौषांतल्या एखाद्या सकाळीं एक मोटार रुसून उभी असते. मालक किल्ली फिरवितो, आंतून ‘कट् कट्’ असा क्षीण आवाज येतो आणि तोही थांबतो. ‘काल संध्याकाळपर्यंत तर चांगली चालत होती,’ असें मालक म्हणतो, आणि त्याचें म्हणणें खोटें नसतें. पण बॅटरी त्या थंडीनें बिघडलेली नसते. मराठवाड्याचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. त्या उष्णतेनें बॅटरींतलें पाणी आटतें, शिशाच्या पट्ट्या झिजतात, आणि सांठवण्याची शक्ति आंतल्या आंत कमी होत जाते. उन्हाळ्यांत झालेली ही हानि हिवाळ्यांत उघडकीस येते इतकेंच. कारण थंडींत रासायनिक क्रिया मंदावते आणि तेल घट्ट झाल्यामुळें एंजिन फिरविण्यास जोर मात्र अधिक लागतो. माणसाचेंही पुष्कळदां असेंच होतें. तो ज्या दिवशीं कोसळतो त्या दिवसाला आपण दोष देतों. पण त्याची शिल्लक कधींच संपत आलेली असते.

अशा मोटारीवर दोन उपाय प्रसिद्ध आहेत. पहिला उपाय धक्क्याचा. चालक किल्ली लावून, क्लच दाबून, दुसरा गिअर घालून बसतो. चार माणसें पाठीमागून ढकलतात. गाडीनें थोडा वेग घेतला कीं चालक क्लच सोडतो, फिरतीं चाकें एंजिनला फिरवितात, आणि एंजिन जागें होतें. दुसरा उपाय तारांचा. शेजारीं दुसरी मोटार उभी करून तिच्या बॅटरीची शक्ति जाड तारांनीं क्षणभर उसनी घेतात. दोन्ही उपायांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, बाहेरून द्यावयाची शक्ति फारच थोडी असते. लहान मोटारीचें एंजिन फिरविण्यास एकदोन सेकंद सुमारें १५० अँपिअर प्रवाह लागतो. प्रवाह मोठा खरा, पण काळ इतका अल्प कीं, समोरचे दोन दिवे अर्धा मिनिट जळण्यास जेवढी वीज लागते तेवढींत हें काम भागतें. एवढ्याशा वस्तूच्या अभावीं हजार किलो वजनाचें यंत्र दगड होऊन पडलेलें असतें. आणि ती मिळाल्यावर तेंच यंत्र आपल्या बळावर शंभर कोस जातें. ज्यानें धक्का दिला त्यानें तीं शंभर कोस अंतरें दिलेलीं नसतात. तीं त्या यंत्रांत आणि त्याच्या टाकींतल्या इंधनांत अगोदरच होतीं.

तिसराही एक प्रकार आहे. त्याला रस्त्यावरचे लोक ‘टोचन’ म्हणतात. बंद गाडीस दोर बांधून दुसऱ्या गाडीनें ती ओढीत न्यावयाची. बाहेरून पाहणाऱ्यास धक्का आणि टोचन ह्यांत फारसा भेद दिसत नाहीं, कारण दोन्हींत गाडी पुढें सरकते. पण धक्क्याचा हेतु गाडी स्वतः चालावी हा असतो, तर टोचनाचा हेतु ती मुक्कामास पोहोंचावी हा. धक्का देणारा यशस्वी झाला कीं मागें राहतो. टोचन करणारा जोंवर यशस्वी तोंवर पुढेंच असतो. पहिल्यांत दोघांची ताटातूट हीच यशाची खूण, आणि दुसऱ्यांत दोर सुटला तर तो अपघात. उपकाराच्या नीतीचा सगळा वाद आमच्या मतें ह्या एका भेदापाशीं येऊन ठेपतो.

मात्र ‘स्वतः चालणें’ ह्या शब्दांत एक भ्रम दडलेला आहे, तो आधीं दूर केला पाहिजे. मोटार दुरुस्त करणारे कारागीर एंजिन फिरविणाऱ्या विद्युत्‌यंत्रास ‘सेल्फ’ म्हणतात. ‘सेल्फ घेत नाहीं’, ‘सेल्फ मारून पाहा’ ही त्यांची रोजची भाषा. ह्या यंत्राचा इतिहास फार जुना नाहीं. चार्ल्स केटरिंग ह्या अमेरिकन संशोधकाच्या खटपटीनें १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारींस तें प्रथम बसविण्यांत आलें. त्यापूर्वीं प्रत्येक मोटार कोणाच्या तरी हातानें, पुढें लोखंडी हँडल घालून, फिरवावी लागे, आणि तें उलटें फिरून मनगट मोडल्याचे प्रसंगही घडत. सेल्फ आल्यावर हात दिसेनासा झाला, आणि मोटार आपली आपण सुरू होते असें वाटूं लागलें. वस्तुतः सेल्फला लागणारी शक्ति बॅटरींतून येते. बॅटरींत ती आली कालच्या प्रवासांतून, कारण एंजिन चालत असतां जनित्र तिला भरीत असतें. आणि अगदीं पहिल्या दिवशीं ती आली कारखान्यांतून, म्हणजे परक्या हातानें. जें आज ‘सेल्फ’ म्हणून मिरवितें, तें कालची शिल्लक आणि आरंभींचें ऋण ह्यांचेंच दुसरें नांव आहे.

जे गृहस्थ ‘आम्हीं कोणाचें कांहीं घेतलें नाहीं, स्वतःच्या हिमतीवर वर आलों’ असें सांगतात, त्यांची हिंमत नाकारण्याचें कारण नाहीं. पण पाटी-पुस्तकापासून पहिल्या नोकरीच्या शिफारसपत्रापर्यंत, आजारपणांत उशाशीं बसलेल्या आईपासून भाड्यासाठीं महिनाभर थांबलेल्या घरमालकापर्यंत, त्यांच्या बॅटरींत कोणीं कोणीं काय भरलें होतें, ह्याचा जमाखर्च त्यांनीं मांडलेला नसतो. स्वावलंबन हा सद्गुण आहेच; पण मिळालेलें सांठविण्याचा आणि वाढविण्याचा तो सद्गुण आहे. मुळीं कांहीं मिळालेंच नव्हतें, असा दावा त्यांत बसत नाहीं.

आपल्या पुराणकथांत ह्या धक्क्याचें एक सुंदर उदाहरण आहे. समुद्रतीरावर सर्व वानर हताश होऊन बसले असतां जांबवंतानें मारुतीला त्याच्या बळाची आठवण करून दिली. जांबवंत स्वतः तेव्हां म्हातारा झालेला होता. तो समुद्र त्याला उल्लंघितां आला नसता. त्यानें मारुतीला बळ दिलें नाहीं, खांद्यावर घेऊन नेलें नाहीं, मार्गांत सोबतही केली नाहीं. विसरलेल्या शक्तीला त्यानें फक्त चालना दिली. ह्यावरून दोन गोष्टी निघतात. देणारा घेणाऱ्याहून समर्थ असलाच पाहिजे असें नाहीं. मोटार ढकलणाऱ्या चौघांपैकीं एकालाही ती चालवितां येत नसली तरी चालतें. आणि घेणारा तेवढ्यापुरता हतबल असला, म्हणून तो हीन ठरत नाहीं.

देणाऱ्याचें कर्तव्य कोणतें, हें तारा जोडण्याच्या रीतींत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच कोठें दिसत असेल. तांबड्या तारेचें एक टोंक उतरलेल्या बॅटरीच्या धन अग्रास आणि दुसरें भरलेल्या बॅटरीच्या धन अग्रास लावतात; मग काळ्या तारेचें एक टोंक भरलेल्या बॅटरीच्या ऋण अग्रास, आणि राहिलेलें टोंक उतरलेल्या बॅटरीस न लावतां, तिच्यापासून दूर, त्याच गाडीच्या एंजिनच्या उघड्या लोखंडास. कारण शेवटचा सांधा जुळतांना ठिणगी उडते, आणि बॅटरीभोंवतीं हायड्रोजन वायु सांचलेला असल्यास स्फोट होऊं शकतो. मदत करतांनाही ठिणगी जखमेपासून दूर पाडावी, हें शहाणपण येथें नियम म्हणून पाळलें जातें. आपल्याकडे मात्र मदतीचा चेक देतांना घेणाऱ्याला व्यासपीठावर उभें करून त्याच्या दुर्दशेचें वर्णन त्याच्याच देखत करण्याची चाल आहे. दुसरा नियम असा कीं, देणाऱ्या गाडीचें एंजिन चालू ठेवावें. म्हणजे दिलेलें भरून येत राहतें. जो स्वतः बंद पडून दुसऱ्यास देतो, तो थोड्याच वेळांत रस्त्यावरील दुसरी बंद गाडी होतो. तिसरा नियम एंजिन सुरू होतांच तारा उलट्या क्रमानें काढण्याचा. आणि चौथा सर्वांत महत्त्वाचा: दोन्ही बॅटऱ्यांचा दाब सारखा असावा. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते, आणि पुष्कळ मोठ्या मालमोटारींची व्यवस्था २४ व्होल्टची. मालमोटार बलाढ्य, तिचा चालक मनाचा उदार; पण तिच्याकडून सरळ शक्ति घेतली तर लहान मोटारींतले नाजूक भाग जळून जाण्याचा संभव असतो. उपकार करणाऱ्याचा हेतु शुद्ध असूनही त्याचा दाब न पेलल्यामुळें घेणाऱ्याचें नुकसान होतें, असे प्रसंग माणसांच्या व्यवहारांतही थोडे नाहींत.

ह्या चौथ्या नियमाचा पडताळा लातूर जिल्ह्यानें स्वतः घेतलेला आहे. अनंत चतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक झोंपले असतां, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीचें जड माळवद अंगावर कोसळून सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. देशांतून आणि देशाबाहेरून मदतीचा ओघ आला. पहिल्या दिवसांत ही मदत टोचनाचीच होती, आणि ती तशीच असावयास हवी होती. ढिगाऱ्याखालीं सांपडलेल्या माणसास स्वावलंबनाचा उपदेश करणें म्हणजे क्रौर्य होय. पुढें पुनर्वसनाचे दोन मार्ग झाले. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांतील अत्यंत हानि झालेलीं ५२ गांवें नव्या जागीं सर्वस्वी नवीं वसविण्यांत आलीं. घरें पक्कीं होतीं, रस्ते रुंद होते, देणाऱ्यांची कळकळ खरी होती. पण रांगांनीं मांडलेल्या त्या घरांत वाड्याचा आडोसा नव्हता, गुरांना आणि कडब्याला पुरेशी जागा नव्हती, शेजार तुटला होता. राहणाऱ्यांच्या जीवनरीतीशीं न जुळणारा मोठा दाब त्यांच्यावर आला होता. ज्या गांवांची हानि त्या मानानें कमी होती, तेथें दुसरा मार्ग पत्करण्यांत आला: सरकारनें हप्त्याहप्त्यानें पैसे द्यावे, अभियंत्यानें भिंत कशी बांधावी, कोपरे कसे सांधावे हें सांगावें, आणि घर घरमालकानें आपल्या गरजेप्रमाणें बांधावें किंवा दुरुस्त करावें. अशीं गांवें शेंकडों होतीं. ह्या दुसऱ्या मार्गांतही अडचणी, दिरंगाई, तक्रारी होत्या; परंतु त्यांत घराबरोबर घर बांधण्याचें ज्ञानही माणसाच्या हातीं राहिलें. बाराव्या शतकांतील यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीज ह्यानें दानाच्या आठ पायऱ्या सांगतांना, ज्या दानानें घेणाऱ्यास पुन्हां दान घेण्याची गरज उरत नाहीं त्याला सर्वांत वरची पायरी दिली आहे. ही पायरी चढणें किती अवघड आहे, हें ह्या दोन मार्गांची तुलना करतां कळतें.

येथें दुसऱ्या पक्षाचा आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळण्यासारखा नाहीं. एकदां धक्का दिला, ठीक. पण तीच गाडी दुसऱ्या दिवशींही धक्का मागूं लागली तर? अशा गाडीच्या मालकाला आपण आळशी म्हणतों, आणि कांहीं वेळां तो असतोही. रात्रभर दिवे चालू ठेवणारे महाभाग सर्वत्र आहेत. परंतु जाणता कारागीर मालकाला बोल लावण्यापूर्वीं दोन गोष्टी तपासतो. पहिली, बॅटरी नुसती उतरली आहे कीं मेली आहे. बॅटरी फार दिवस उतरलेल्या स्थितींत पडून राहिली तर शिशाच्या पट्ट्यांवर बसलेले क्षार कठीण होतात, आणि मग कितीही भरली तरी ती घेत नाहीं. उतरणें आणि मरणें ह्यांत काळाचा हा फरक असतो. उशिरां आलेली मदत थोडी कमी उपयोगी ठरते असें नव्हे, ती पुष्कळदां निरुपयोगी ठरते. दुसरी गोष्ट जनित्राची, ज्याला कारागीर अजूनही डायनॅमो म्हणतात. त्याचा पट्टा सैल झाला असेल, तर गाडी दिवसभर धांवूनही बॅटरींत कांहीं भरत नाहीं. मालक कष्टाळू, गाडी चालती, आणि तरी रोज सकाळीं शून्य!

मराठवाड्यांतील कोरडवाहू शेतकऱ्याची स्थिति ह्याहून फार निराळी आहे काय? २००८ सालीं केंद्र सरकारनें कर्जमाफी दिली. २०१७ आणि २०१९ मध्यें राज्य सरकारनें दिली. प्रत्येक वेळीं सुशिक्षित समाजांत कुजबुज झाली कीं, ह्या लोकांना संवय लागली. सोयाबीनच्या किंवा तुरीच्या भावांत पेरणीचा खर्चही जर निघत नसेल, तर वर्षभर राबूनही त्याच्या पदरीं शिल्लक कोठून पडावी? पट्टा सैल असतां बॅटरीला आळशी म्हणणें हा अन्याय आहे. आणि पट्टा न आवळतां दरवर्षीं नुसता धक्का देत राहणें, हाही त्याच अन्यायाचा अधिक सोयीस्कर प्रकार आहे. पाण्याच्या बाबतींत तरी लातूरकरांनीं हा भेद ओळखला. एप्रिल २०१६ मध्यें धनेगांवचें मांजरा धरण कोरडें पडल्यावर मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, तिच्या दहा वाघिणींत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें, आणि पुढें महिनोन्‌महिने खेपा चालू राहिल्या. हें टोचन होतें, आणि त्यावांचून गत्यंतर नव्हतें. पण त्याच उन्हाळ्यांत नागरिकांनीं वर्गणी जमवून मांजरेच्या पात्रांतला गाळ काढून तें खोल करण्याचें काम हातीं घेतलें. आगगाडीनें त्या दिवसाची तहान भागविली. गाळ काढणें हें पुढच्या वर्षाचा पट्टा आवळणें होतें. दोन्ही कामें आवश्यक होतीं, आणि एकाच्या कौतुकांत दुसरें विसरून चालण्यासारखें नव्हतें.

हा प्रश्न सरकार आणि दुष्काळ ह्यांच्यापुरता नाहीं. तो आपल्या घरांतही आहे. लातूर हें अलीकडे विद्येचें गांव म्हणून नांवाजलेलें आहे. ‘लातूर पॅटर्न’ ऐकून दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुलें येथें अभ्यासास येतात. शिक्षकांच्या परिश्रमामुळें खेड्यांतल्या कित्येक मुलांना वैद्यकाचीं आणि अभियांत्रिकीचीं दारें उघडलीं, हें ऋण मान्य केलेंच पाहिजे. परंतु प्रत्येक पालकानें आणि गुरूनें स्वतःस एक प्रश्न विचारावा: आपण ह्या मुलाला धक्का देत आहों, कीं टोचन करून परीक्षेच्या दारापर्यंत ओढीत नेत आहों? दोहोंचा निकाल गुणपत्रिकेवर कदाचित् सारखाच दिसेल. फरक दिसतो तो दोर सुटल्यावर, जेव्हां प्रश्नही नवा असतो आणि उत्तर सांगणारा कोणी जवळ नसतो. मुलावर अतिशय माया करणाऱ्या आईबापांना दोर सोडणें सर्वांत कठीण जातें. कारण ओढण्यांत श्रम असले तरी आपली गरज आहे ह्या जाणिवेचें सुखही असतें. देणाऱ्याचा सूक्ष्म स्वार्थ येथें लपलेला असतो, आणि तो ओळखण्यास बराच प्रामाणिकपणा लागतो.

आतां घेणाऱ्याचें कर्तव्य. एंजिन सुरू झाल्यावर त्यानें तें लगेच बंद करूं नये, हें पहिलें. दोन मिनिटांत बॅटरी भरत नाहीं. गाडी पुरेशी चालवावी लागते, आणि फारच उतरलेली असेल तर ती कारागिराकडे नेऊन कित्येक तास भरावी लागते. ज्यांनीं ढकललें त्यांना मनापासून धन्यवाद द्यावे. पण तेथेंच थांबून उपकाराचें स्तोत्र गात राहिलें आणि एंजिन बंद पडलें, तर त्यांचे श्रम वायां गेले. कृतज्ञतेचें पहिलें रूप म्हणजे चालू राहणें. दुसरें रूप फेडीचें. धक्का देणारे चौघे बहुधा अनोळखी असतात. ते पुन्हां भेटतीलच असें नाहीं, आणि भेटले तरी त्यांची गाडी त्या दिवशीं बंद असेल असेंही नाहीं. मग हें ऋण फेडावें कोणास? आपल्या परंपरेंत देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशीं तीन ऋणें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं पितृऋण पुढच्या पिढीचें पालन करून आणि ऋषिऋण विद्या पुढें चालवून फेडावयाचें असतें. ज्यानें दिलें त्यालाच तें परत करण्याची अट तेथें नाहीं. रस्त्यावरच्या धक्क्याचें ऋणही ह्याच जातीचें आहे. पुढें कधींतरी कोणाची गाडी अडलेली दिसली म्हणजे आपली थांबवून खालीं उतरावयाचें, एवढीच त्याची फेड.

तेव्हां आरंभीं सांगितलेल्या दोन पक्षांचा निवाडा असा करतां येईल. गरजवंतास द्यावें, हें पहिल्या पक्षाचें म्हणणें खरें. मनुष्य आपल्या पायांवर चालावा, हें दुसऱ्याचेंही खरें. दोघांचा विरोध भासतो तो पहिल्यानें केव्हां थांबावें हें ठरविलें नाहीं आणि दुसऱ्यानें आरंभ कसा होतो हें पाहिलें नाहीं म्हणून. कोणत्याही चालत्या माणसाचा आरंभ दुसऱ्याच्या हातून झालेला असतो. म्हणून मागणाऱ्यास लाज वाटण्याचें कारण नाहीं, आणि देणाऱ्यास मालकी सांगण्याचाही अधिकार नाहीं. मात्र बंद गाडीपाशीं उभे असतांना आपण ढकलणार आहोंत कीं ओढणार आहोंत, आणि ओढणार असूं तर दोर कोणत्या वळणावर सोडणार आहोंत, हें देणाऱ्यानें हात लावण्यापूर्वीं मनाशीं ठरविलें पाहिजे. घेणाऱ्यालाही तें त्याच वेळीं सांगितलें तर पुढें दोघांनाही बरें पडतें.